पडका बुरूज कसा वाचावा

तेल्हाऱ्याच्या शिवारात उभे राहून उत्तरेकडे पाहिले असता सातपुड्याची निळी रांग आडवी पसरलेली दिसते. त्याच रांगेत, अकोटाच्या उत्तरेस, शहानूर गावाच्या वर नरनाळ्याचा किल्ला आहे. मधला नरनाळा, पूर्वेस जाफराबाद व पश्चिमेस तेलियागड असे तीन किल्ले एकास एक लागून आहेत, आणि त्यांची उंची समुद्रसपाटीपासून ९०० मीटरांहून अधिक आहे. ह्या किल्ल्याच्या गोष्टी आपल्या भागात पुष्कळांस पाठ असतात. तेथील नऊगजी तोफेची ख्याती लहान मुलेही सांगतात. परंतु एखाद्या पडक्या बुरुजापाशी उभे करून, "हा कोणी बांधिला, केव्हा बांधिला, आणि हे तुम्हांस कशावरून कळले?" असे विचारिले तर पहिल्या दोन प्रश्नांस काहीतरी उत्तर मिळते आणि तिसऱ्यापाशी सर्व थांबतात. तो तिसरा प्रश्न, म्हणजे 'कशावरून', हाच आजच्या पाठाचा विषय आहे.

प्रथम बुरूज कशासाठी असतो ते ध्यानात घेतले पाहिजे. तट जर अगदी सरळ असला तर त्याच्या पायथ्याशी येऊन चिकटलेला शत्रू वरच्या शिपायास दिसत नाही. डोके बाहेर काढावे तर बाण लागतो. म्हणून ठराविक अंतरावर तटाचे पोट बाहेर काढून बुरूज बांधितात. त्याच्या जंग्यांतून डाव्या व उजव्या तटाचा पायथा आडवा दिसतो आणि शत्रूवर बाजूने मारा करिता येतो. दोन बुरुजांमधील अंतर हे अशा रीतीने हत्याराच्या पल्ल्यावर अवलंबून असते. नुसते ते अंतर पावलांनी मोजिले तरी बांधणाऱ्याच्या मनात धनुष्य होते की तोफ होती ह्याचा काहीसा अदमास येतो. गोल बुरुजास कोपरा नसल्यामुळे तोफेचा गोळा त्यावरून घसरण्याचा संभव अधिक, आणि खालून सुरुंग लाविणाऱ्यास फोडावयास सोपा असा कोनही मिळत नाही. तेव्हा बुरुजाचा आकार ही केवळ गवंड्याची हौस नव्हे.

आता 'केव्हा' ह्या प्रश्नाकडे वळू. कित्येक बुरूज व दरवाजे आपले वय स्वतःच सांगतात. चिखलदऱ्याजवळ गाविलगडावर बहराम नावाचा बुरूज आहे. त्यावरील फारसी लेखातील अक्षरांच्या संख्या मांडिल्या असता हिजरी ९८५, म्हणजे इ. स. १५७७ हे साल निघते. अहमदनगरच्या निजामशहाने वऱ्हाडची इमादशाही १५७४ साली बुडविली होती. तेव्हा नव्या धन्याने गड हाती येताच तीन वर्षांत त्याची मजबुती केली, हे त्या एका लेखावरून उघड होते. नरनाळ्याच्या महाकाली दरवाजावरील लेख १४८७ सालचा, बहमनी सुलतान महमूदशहाच्या कारकिर्दीतला आहे. मात्र दरवाजाचे वय म्हणजे किल्ल्याचे वय नव्हे. फिरिश्ता ह्या इतिहासकाराने लिहून ठेविले आहे की, त्याच शतकाच्या पूर्वार्धात अहमदशहा बहमनीने नरनाळ्याची दुरुस्ती केली. दुरुस्ती जुन्या वस्तूचीच होते. म्हणजे दरवाजाच्या पूर्वी, आणि अहमदशहाच्याही पूर्वी, तेथे काहीतरी उभे होते. ते काय होते हे कोणत्याही शिळेवर कोरलेले नाही.

आणि आपल्या मुलखातील बहुतेक बुरूज असेच मुके आहेत. त्यांस बोलते करण्याची जी विद्या आहे तिला उत्खनन म्हणतात. ती विद्या नीट समजण्यास थोडा वेळ वऱ्हाड सोडून फार दूर जावे लागेल, कारण तिचा एक उत्तम धडा रोमी लोकांच्या बुरुजांवर शिकावयास मिळतो. रोमी शताधिपती, पलटणी व कैसर ही नावे ह्या पत्राच्या वाचकांस नवीन नाहीत. त्याच रोमी राज्याचा कैसर हेड्रियन ह्याने ब्रिटन बेटाच्या उत्तरेस इ. स. १२२ च्या सुमारास एक भिंत बांधावयास घेतली. ती एका समुद्रापासून दुसऱ्या समुद्रापर्यंत सुमारे ११७ किलोमीटर लांब आहे. दर रोमी मैलास, म्हणजे जवळजवळ दीड किलोमीटरावर, एक लहान ठाणे, आणि दोन ठाण्यांच्या मध्ये दोन दोन चौकोनी बुरूज. बुरुजाची आतील खोली चारेक मीटर लांबरुंद. त्यात चूल पेटवून पाळीपाळीने पहारा करणारे शिपाई राहत.

हे बुरूज पुढे पडले. दगड वाहून गेले, वर माती साचली, गवत उगवले. उत्खनन करणाऱ्यांनी जेव्हा ती माती काळजीपूर्वक काढिली तेव्हा कित्येक बुरुजांपाशी एक चमत्कारिक गोष्ट दिसून आली. बुरुजाच्या दोन्ही बाजूंस दगडी भिंतीचे आखूड तुकडे, पाखराच्या पंखांसारखे, बाहेर आलेले होते. ते सुमारे १० फूट रुंद. परंतु त्यांस येऊन मिळालेली मुख्य भिंत मात्र कित्येक ठिकाणी ८ फूट किंवा त्याहूनही अरुंद होती, आणि जोडाच्या जागी स्पष्ट पायरी पडली होती. ह्याचा अर्थ काय? एकच संभवतो. बुरूज आधी बांधिले गेले, आणि पुढे दहा फुटी भिंत येऊन मिळेल म्हणून तिच्यासाठी पंख काढून ठेविले गेले. परंतु भिंत त्यांच्यापर्यंत येऊन पोचण्यापूर्वीच वरून हुकूम बदलला आणि ती अरुंद बांधावी असे ठरले. हा बदल झाल्याचे सांगणारे एकही पत्र किंवा फर्मान हाती नाही. तरीही अठराशे वर्षांनंतर एका शेतातील दगडांच्या जोडावरून तो कळला. नदीकाठच्या आपल्या गवंड्यास हे दाखविले असते तर त्यानेही क्षणात ओळखले असते. कारण जुन्या घरास नवी खोली जोडिली की सांधा कसा दिसतो हे त्यास ठाऊक असते.

दगडाचा सांधा डोळ्यांनी दिसतो. परंतु मातीचाही सांधा असतो, आणि ह्या विद्येचे खरे मर्म तेथे आहे. माणसे जेथे राहतात तेथे जमीन हळूहळू उंच होत जाते. जुने घर पडते, त्यावर नवे उभे राहते. चुलीची राख, शेण, खापऱ्या, मोडक्या विटा ह्यांचे थरावर थर बसतात. वरचा थर नवा व खालचा जुना, हा नियम लहान मुलासही कळण्यासारखा आहे. त्यातून दुसरा नियम निघतो, तो थोडा सूक्ष्म आहे. एखाद्या फरसबंदीच्या खाली, अगदी अबाधित थरात, नाणे सापडले तर ती फरसबंदी त्या नाण्याच्या सालाच्या पूर्वीची असू शकत नाही. मात्र ती त्याच सालची आहे असेही म्हणता येत नाही, कारण नाणे शंभर वर्षे जुने झाल्यावरही खिशातून पडू शकते. नाणे 'ह्याच्या पूर्वी नव्हे' एवढेच सांगते. पुष्कळ सुशिक्षित मनुष्येही येथे चुकतात.

आणखी एक. समजा, कोणी तटाचा पायासुद्धा उकरून दगड नेले. मग शिल्लक काय राहिले? दगडांच्या जागी लांब चर राहतो, तो पावसाने व केरकचऱ्याने भरतो, आणि त्या भरावाचा रंग बाजूच्या मातीहून निराळा असतो. कुशल उत्खनक तो रंग ओळखून, जी भिंत आता नाही तिची लांबी व रुंदी मोजून दाखवितो. मॉर्टिमर व्हीलर ह्यांनी ही पद्धत रोमी काळचे किल्ले व नगरे खणताना परिपक्व केली आणि १९४४ ते १९४८ ह्या काळात भारताच्या पुरातत्त्व खात्याचे प्रमुख असताना येथील तरुणांस शिकविली. त्यापूर्वीच पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे हसमुख सांकळिया हे इंग्लंडात व्हीलर ह्यांच्या हाताखाली मेडन कॅसल ह्या जुन्या डोंगरी कोटाच्या उत्खननात काम करून आले होते. महाराष्ट्रात जी शास्त्रशुद्ध उत्खनने झाली त्यांत पुष्कळांचा वारसा असा आहे.

त्या वारशाचे एक फळ आपल्या अगदी शेजारी आहे. तेल्हाऱ्याच्या पश्चिमेस, बुलढाणा जिल्ह्याच्या संग्रामपूर तालुक्यात, पूर्णेच्या काठी भोन नावाचे गाव आहे. तेथील पांढऱ्या टेकाडावर ह्या शतकाच्या पहिल्या दशकात डेक्कन कॉलेजच्या भास्कर देवतारे ह्यांनी उत्खनन केले. भाजक्या विटांच्या स्तूपाचे अवशेष निघाले. भाजलेल्या मातीची कडी एकावर एक रचून केलेल्या विहिरी निघाल्या, त्याही एकदोन नव्हेत तर अनेक. सातवाहनांच्या काळी पूर्णेच्या काठी किती भरभराटीचे नगर होते हे त्यावरून कळले. ज्या टेकाडावरून गुरे हाकिली जात होती त्याच्या पोटात हे होते. आता ते स्थळ जिगाव धरणाच्या बुडीत क्षेत्रात येते. शेतास पाणी हवे हे कोण नाकारील? परंतु पाणी चढण्यापूर्वी जे खणून, मोजून, लिहून ठेविले जाईल तेवढेच पुढील पिढीस मिळेल.

ह्यावरून आपल्या गावच्या गढीकडे येतो. वऱ्हाडात पाटलाची किंवा देशमुखाची गढी नसलेले जुने गाव विरळा. पेंढाऱ्यांच्या धामधुमीत सारा गाव गुराढोरांसह जीत शिरून दार लावून घेई, ती ही गढी. तिचे बांधकाम नरनाळ्यासारखे दगडी नाही. मन व म्हैस ह्या नद्यांच्या संगमावरील बाळापूरच्या किल्ल्यासारखे उत्तम भाजक्या विटांचेही नाही. बाळापूरचे काम औरंगजेबाचा पुत्र आझमशहा ह्याने आरंभिले आणि १७५७ साली एलिचपूरच्या इस्माईलखान नबाबाने पुरे केले. त्यामागे राज्याचा खजिना होता. गढीमागे गावचे हात होते. खाली दगडाचे किंवा विटांचे काही थर, आणि वर पांढऱ्या मातीचे जाडजूड बुरूज. गावठाणास आपण पांढरी म्हणतो व शेतास काळी. हे दोन शब्द आपल्या पूर्वजांनी डोळसपणेच योजिले आहेत. शेकडो वर्षे राख, शेण व घरांची माती मिसळून गावठाणाची जमीन खरोखरच पांढुरकी होते. गढी बांधणाऱ्याने तीच माती उचलून भिंत घातली.

म्हणून गढीच्या भिंतीत खापऱ्या दिसतात. कित्येकजण त्या पाहून म्हणतात की, खापरी दोन हजार वर्षांची, तेव्हा गढीही दोन हजार वर्षांची. वर सांगितलेला नियम येथे लावून पाहावा. भिंतीची माती जुन्या गावठाणातून आणिली, तिच्याबरोबर जुन्या खापऱ्याही आल्या. त्या खापऱ्या गढीचे वय सांगत नाहीत. गढीच्या पूर्वी तेथे किती जुनी वस्ती होती ते सांगतात. ही गोष्ट लहान नाही. ज्या गावचा लेखी इतिहास दोनशे वर्षांपलीकडे जात नाही, त्याची पांढरी कदाचित सातवाहनांच्या काळापर्यंत जात असेल, आणि त्याचा दाखला पाटलाच्या पडक्या भिंतीतून बाहेर डोकावत असेल.

परंतु हा दाखला झपाट्याने नाहीसा होत आहे, आणि तो नाहीसा करणारे दोघे आहेत. पहिला मातीसाठी खणणारा. धाब्याच्या घरावर पांढरी माती टाकण्याची चाल वऱ्हाडात जुनी आहे; गरीब मनुष्य दोन टोपल्या माती नेतो, त्यास दोष देण्यास माझी जीभ वळत नाही. ब्रिटनातही असेच झाले. हेड्रियनच्या भिंतीच्या दगडांनी शेतकऱ्यांची घरे, कुंपणे, इतकेच काय पण प्रार्थनामंदिरेही बांधिली गेली. अठराव्या शतकात तर सरकारनेच लष्करी रस्त्यासाठी कित्येक मैल भिंत पाडून तिची खडी केली. पुढे न्यूकॅसल शहराचा एक अधिकारी जॉन क्लेटन ह्याने एकोणिसाव्या शतकात भिंतीलगतची शेते एकामागून एक विकत घेतली आणि दगड उचलणे थांबविले, तेव्हा आज पाहावयास काही उरले. आपल्याकडे टोपलीच्या जागी आता यंत्र आले आहे. टोपलीने शंभर वर्षांत झाले नसते ते यंत्र एका दिवसात करिते.

दुसरा आहे गुप्तधन शोधणारा. तो रात्री येतो. बरोबर कोणी मांत्रिक असतो. लिंबू, नारळ, कोंबडे असते, आणि कधी ह्याहून भयंकर गोष्टींची भाषा होते. बुरुजाच्या मध्यभागी विहिरीसारखा खड्डा पाडून ते निघून जातात. हंडा सापडत नाही. सापडेल तरी कसा? बुरुजाचे पोट बहुधा दगडगोटे व मातीचा भराव घालून भरलेले असते, तोफेचा धक्का सोसावा म्हणून. ज्यास सोने लपवावयाचे असे तो ते जेथून लवकर काढिता येईल तेथे लपवी. बुरुजाच्या पोटात चिणून टाकून कोण बसेल? तथापि माझे म्हणणे एवढेच नाही. समजा, हंडा असता. तरीही त्याच्यापायी जे नष्ट होते त्याची किंमत अधिक आहे, आणि ह्याचे उदाहरण पुन्हा त्या रोमी भिंतीजवळच मिळते.

भिंतीच्या थोडे दक्षिणेस विंडोलांडा नावाचे रोमी ठाणे आहे. तेथे लाकडी किल्ला बांधावा, पलटण बदलली की तो पाडून त्यावर माती व हिरवळीची ढेकळे पसरावी, आणि वर दुसरा उभारावा, असे अनेकदा घडले. खालच्या ओल्या थरांत हवा न शिरल्यामुळे तेथील वस्तू कुजल्या नाहीत. १९७३ साली रॉबिन बर्ली हे तेथे खणीत असता त्यांस लाकडाचे अतिशय पातळ, पोस्टकार्डाएवढे तुकडे मिळाले. रंधा मारल्यावर पडणाऱ्या ढलप्यांसारखे ते दिसत. त्यांच्या घड्या उघडल्या तेव्हा आत शाईने लिहिलेली अक्षरे होती. पुढे असे शेकडो तुकडे मिळाले: शिपायांच्या हजेऱ्या, धान्याचे हिशेब, रजेचे अर्ज, मोजे व अंतर्वस्त्रे पाठविल्याचा निरोप. त्यांत क्लॉडिया सेव्हेरा नावाच्या अधिकारी-पत्नीने इ. स. १०० च्या सुमारास आपल्या मैत्रिणीस वाढदिवसाला बोलाविल्याचे पत्र आहे. मुख्य मजकूर लेखनिकाचा आहे. शेवटी तिने स्वतःच्या हाताने काही ओळी घातल्या आहेत. स्त्रीच्या हातचे लॅटिन अक्षर म्हणून जी अगदी जुनी उदाहरणे आज ठाऊक आहेत त्यांत त्या ओळी गणल्या जातात.

गुप्तधन शोधणाऱ्याच्या हाती ती ढलपी लागली असती तर त्याने काय केले असते? फावड्याबरोबर बाहेर फेकिली असती, आणि सकाळच्या उन्हात ती वाळून तडकली असती. सेव्हेराचे नाव मग कोणासच कळले नसते.

कायद्याचीही ओळख असावी. जमिनीत दडलेली, दहा रुपयांहून अधिक किमतीची कोणतीही वस्तू सापडली तर तिची लेखी वर्दी जिल्हाधिकाऱ्यास दिली पाहिजे, असे १८७८ चा निखात निधीचा कायदा सांगतो. संरक्षित स्मारकाची नासधूस हा १९५८ च्या कायद्याने अपराध आहे. आणि धनासाठी अघोरी कृत्ये करणाऱ्यांस २०१३ च्या महाराष्ट्रातील जादूटोणाविरोधी कायद्याने शिक्षा आहे. गढ्या मात्र बहुधा खाजगी मालकीच्या असून त्यांपैकी बहुतेकांस सरकारी संरक्षण नाही. तेथे गावच्या शहाण्या माणसांचाच पहारा.

गावोगावचे शिक्षक व उपदेशक ह्यांस माझी विनंती अशी आहे की, त्यांनी खणण्याच्या भरीस न पडता मोजण्यास आरंभ करावा. खणणे हे शिकलेल्याचेच काम आहे. उकरलेला थर पुन्हा जागी बसविता येत नाही. मोजण्यास एक दोरी, एक वही व दोन चुणचुणीत मुले पुरेत. गढीस बुरूज किती, त्यांपैकी उभे किती. दोहोंतील अंतर किती. दार कोणत्या दिशेस. खालचे थर दगडाचे की विटांचे. वीट किती लांब, रुंद व जाड. विटेचे माप विसरू नये, कारण सातवाहनकाळची वीट हातभर लांब असते आणि अलीकडच्या शतकांतली पातळ व लहान. जुन्या माणसांची आठवण त्यांच्याच शब्दांत निराळ्या पानावर लिहावी, मापांत मिसळू नये. मळणीनंतरच्या फुरसतीत दोन सकाळींचे हे काम आहे.

पावसाळ्यात गढीचा कडा कोसळला की आतील थर कापलेल्या भाकरीसारखे उघडे पडतात. तेव्हा चित्र काढण्यास तो उत्तम समय. जे आपोआप खाली पडले असेल, मग ते नाणे असो, मणी असो वा खापरी, ते कोठे पडले होते ते आधी लिहावे, तलाठ्यास कळवावे, आणि नंतरच हात लावावा. ती वस्तू घासून पुसून चकचकीत करू नये, पाण्याने धुवू नये. तिला चिकटलेल्या मातीवरूनच ती कोणत्या थरातली हे जाणकारास सांगता येते.